लिगामेंट, टेंडन किंवा मेनिस्कस फाटल्यावर उपचारांवरील संशोधन कसे वाचावे

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'टेअर' किंवा 'रप्चर' हा शब्द दिसला की रुग्णाच्या आणि घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो शस्त्रक्रिया कधी करायची हा. करायची की नाही, हे बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही. त्यामागची समजूत सरळ आहे की जे फाटले ते शिवले पाहिजे. कापडाला हे लागू पडते, कारण कापड आपोआप सांधत नाही. शरीरातल्या काही ऊती सांधतात, काही सांधत नाहीत, आणि काही न सांधताही माणसाचे हिंडणेफिरणे नीट चालते. आपली इजा यांपैकी कशात मोडते हे नुसत्या तर्काने ठरवता येत नाही. त्यासाठी माणसांवर काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांकडेच जावे लागते. गेल्या पंचवीस-एक वर्षांत अशा अनेक चाचण्या झाल्या आहेत, त्यांचे सारांश कोणालाही वाचता येतात, आणि कशाकशाकडे पाहायचे हे ठाऊक असेल तर वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसालाही ते समजतात.

आधी एक खबरदारी. महाधमनी किंवा प्लीहा फुटणे यांसारख्या प्रसंगी वाचत बसायला वेळ नसतो. हाडे-सांध्यांच्या काही इजांमध्येही दिवस मोलाचे असतात: गुडघा अडकून सरळच होत नसेल, मांडीच्या पुढच्या स्नायूचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) तुटून सरळ पाय उचलता येत नसेल, किंवा पडल्यामुळे हात एकाएकी वर जाईनासा झाला असेल, तर लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. टाचेमागचा अकिलीस टेंडन तुटला असेल तर शस्त्रक्रिया करायची नसली तरी पाऊल खाली झुकवलेल्या स्थितीत बांधण्याचे काम पहिल्या काही दिवसांतच व्हावे लागते. पुढचे सर्व विवेचन, ज्यांच्याकडे विचाराला थोडा अवधी आहे त्यांच्यासाठी आहे.

चाचणीतले रुग्ण आपल्यासारखे होते का

सारांशात सर्वांत आधी निष्कर्ष वाचण्याचा मोह होतो. तो आवरून प्रथम रुग्णांची निवड कशी केली हे वाचावे, कारण 'फाटणे' या एकाच शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. मेनिस्कस ही गुडघ्यातली गादी. तिच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला नसतो, म्हणून बाहेरची चीर भरून येण्याची शक्यता असते आणि आतल्या भागातली फारच कमी. गुडघ्याच्या मधोमध असणारे एसीएल हे लिगामेंट (हाडाला हाडाशी जोडणारा बंध) सांध्यातल्या द्रवात बुडालेले असते, त्यामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही आणि दुरुस्तीला आधार मिळत नाही. अकिलीस टेंडनचे तसे नाही. पाऊल खाली झुकवले की त्याची दोन्ही टोके जवळ येतात आणि तो टाक्यांशिवायही सांधू शकतो.

त्यातच वयाचा प्रश्न येतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील ५० ते ९० वर्षे वयाच्या ९९१ लोकांचे गुडघ्यांचे एमआरआय केले गेले. हे लोक दुखणे घेऊन आलेले रुग्ण नव्हते, गावातून निवडलेली सामान्य माणसे होती. तरीही सुमारे ३५ टक्के लोकांच्या मेनिस्कसला चीर आढळली, आणि ज्यांना चीर होती त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिनाभरात गुडघ्यात वेदना, ठणका किंवा ताठरपणा नव्हता. याचा अर्थ असा की पंचावन्न वर्षांच्या माणसाचा गुडघा दुखतो आहे आणि एमआरआयमध्ये चीर दिसते आहे, एवढ्यावरून दुखण्याचे कारण ती चीरच आहे असे म्हणता येत नाही. माझ्या मते आपल्या रिपोर्टकडे पुन्हा पाहण्याआधी प्रत्येकाने ही एक आकडेवारी लक्षात घ्यावी.

म्हणून निवडीच्या परिच्छेदात चार गोष्टी शोधाव्यात: रुग्णांचे वय, इजा अपघाताने झालेली की झिजेतून आलेली, इजेला किती दिवस झाले होते, आणि कोणाला वगळले होते. शेवटची बाब सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. अपघातातल्या ताज्या इजा वगळून केलेल्या चाचणीचा निष्कर्ष कालच खेळताना गुडघा पिरगळलेल्या वीस वर्षांच्या मुलीला लावता येत नाही.

तुलना कशाशी केली

शस्त्रक्रियेनंतर बरे वाटले, ही गोष्ट खरी असली तरी शस्त्रक्रियेमुळे बरे वाटले याचा तो पुरावा होत नाही. बरेचसे दुखणे काळाबरोबर ओसरते. शिवाय लोक उपचाराला येतात तेच मुळी दुखणे टोकाला गेल्यावर, त्यामुळे त्यानंतर काहीही केले तरी थोडाफार उतार पडतोच. म्हणून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, कोणाच्याही मर्जीवर न ठेवता रुग्णांचे गट पाडलेले आहेत का, आणि दुसऱ्या गटाला नेमके काय मिळाले, हे पाहावे.

या बाबतीत फिनलंडमधील पाच रुग्णालयांत झालेली आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिच्यात ३५ ते ६५ वर्षांचे १४६ रुग्ण होते. सर्वांच्या मेनिस्कसला झिजेतून चीर गेली होती, आणि उघड अपघाताने दुखणे सुरू झालेल्यांना वगळले होते. प्रत्येकाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून तपासणी झाली. त्यानंतर पाकीट उघडले गेले, आणि मेनिस्कसचा फाटलेला भाग कापून काढायचा की लटकी शस्त्रक्रिया करायची हे शल्यचिकित्सकाला त्यावरून कळले. रुग्णाला सांगितले गेले नाही. लटक्या शस्त्रक्रियेतही त्याने सर्व उपकरणे मागून घेतली, गुडघा नेहमीसारखा वाकवला-वळवला, पाते काढून ठेवलेले यंत्र बाहेरून वाटीवर दाबून धरले, शोषणयंत्र चालू ठेवले, आणि खऱ्या शस्त्रक्रियेला लागला असता तेवढा वेळ रुग्णाला टेबलावरच ठेवले. वर्षभरानंतर दोन्ही गट बरेच सुधारले होते, आणि जवळजवळ सारखेच सुधारले होते.

या चाचणीतून मेनिस्कसच्या सर्व शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरल्या, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. या वयाच्या, झिजेने चीर गेलेल्या रुग्णांमध्ये तो भाग कापून काढण्याचा वेगळा फायदा दिसला नाही, एवढेच तिने दाखवले.

लटकी शस्त्रक्रिया प्रत्येक वेळी शक्य नसते. तेव्हा तुलना फिजिओथेरपीशी किंवा प्लास्टरशी होते, आणि तिथे दुसऱ्या गटाचा उपचार किती मनापासून केला गेला हे तपासावे लागते. बिनशस्त्रक्रियेचा उपचार म्हणजे काही न करणे नव्हे. महिनोन्‌महिने चालणारा, टप्प्याटप्प्याने ताण वाढवत नेणारा व्यायाम आणि 'घरी जमेल तसे करा' असे सांगून दिलेला कागद यांना एकच नाव असले तरी तो एकच उपचार नाही. निबंधात व्यायामाची सत्रे किती, देखरेख कोणाची, कालावधी किती हे दिलेले नसेल, तर शस्त्रक्रियेच्या बाजूने लागलेला निकालही जपूनच घ्यावा.

मध्येच गट बदललेले रुग्ण

या प्रकारच्या संशोधनात वाचकाची सर्वाधिक फसगत येथे होते, म्हणून येथे थोडे थांबू. गोळी देण्याच्या चाचणीत माणूस सहसा आपल्या गटातच राहतो. शस्त्रक्रियेच्या चाचणीत मात्र व्यायामाच्या गटातल्या रुग्णाला दुखणे सोसवेनासे झाले तर तो शस्त्रक्रिया करून घेतो, आणि त्याला अडवणे योग्यही नसते. तरीही त्याची गणना मूळ गटातच केली जाते, कारण तसे न केल्यास चिठ्ठ्या टाकून साधलेला समतोलच मोडतो.

स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या, १८ ते ३५ वयाच्या १२१ सक्रिय तरुणांवर झालेली चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. इजेला चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ झालेला नव्हता आणि व्यावसायिक खेळाडूंना त्यात घेतले नव्हते. एका गटाला व्यायाम आणि लवकर शस्त्रक्रिया मिळाली. दुसऱ्या गटातल्या ५९ जणांना व्यायाम, आणि गरज वाटल्यास नंतर शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुणांकात (दुखणे आणि हालचालींविषयीच्या प्रश्नांवरून काढलेल्या गुणांत) फरक नव्हता. पण दुसऱ्या गटातल्या २३ जणांनी तोवर शस्त्रक्रिया करून घेतली होती, आणि पाच वर्षांपर्यंत हा आकडा ३० वर गेला. म्हणजे या चाचणीने 'शस्त्रक्रिया की व्यायाम' या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. 'सगळ्यांची लगेच शस्त्रक्रिया करावी, की आधी व्यायाम करून गरज पडेल त्यांचीच करावी', या प्रश्नाचे दिले. रुग्णाच्या दृष्टीने दुसरा प्रश्नच अधिक कामाचा आहे, असे मला वाटते.

याच्या शेजारी ब्रिटनमध्ये ३१६ रुग्णांवर झालेली आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेली चाचणी ठेवून पाहावी. तिच्यातल्या रुग्णांची एसीएलची इजा ताजी नव्हती, आणि त्यांचा गुडघा अजूनही दगा देत होता. अठरा महिन्यांनी शंभरपैकी सरासरी गुण शस्त्रक्रियेच्या गटात ७३.० आणि व्यायामाच्या गटात ६४.६ होते, आणि व्यायामाच्या गटातल्या ४१ टक्के रुग्णांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली होती. लिगामेंट तेच असूनही उत्तर वेगळे आले, कारण रुग्ण वेगळ्या टप्प्यावरचे होते. दोन निबंध एकमेकांना खोडून काढतात असे वाटले, तर प्रथम अशा फरकाचा शोध घ्यावा.

आकडे कसे वाचावेत

'फरक आढळला' आणि 'फरक आढळला नाही' ही दोन्ही वाक्ये अपुरी आहेत. किती फरक पडला म्हणजे रुग्णाला तो जाणवतो, हे संशोधकांनी आधीच ठरवलेले असते. तो आकडा शोधावा. फिनलंडच्या चाचणीत एका गुणांकासाठी ही किमान मर्यादा ११.५ गुणांची होती. दोन गटांतला प्रत्यक्ष फरक १.६ गुणांचा निघाला, आणि खरा फरक ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता होती तो संपूर्ण पट्टा या मर्यादेच्या खालीच राहिला. म्हणून त्या 'फरक नाही'ला वजन आहे. छोट्या चाचणीत हा पट्टा इतका रुंद असू शकतो की मोठा फायदा आणि मोठे नुकसान दोन्ही त्यात बसतील. तेव्हा 'फरक आढळला नाही' याचा अर्थ केवळ 'कळले नाही' एवढाच होतो.

सरासरी गुणांकासोबत नको असलेल्या घटनाही मोजाव्यात. नॉर्वेमध्ये अकिलीस टेंडन तुटलेल्या ५५४ रुग्णांचे तीन गट करून झालेली चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली: बिनशस्त्रक्रियेचा उपचार, उघडी शस्त्रक्रिया, आणि छोट्या छेदातून केलेली शस्त्रक्रिया. वर्षभरानंतरच्या गुणांकात तिन्ही गट सारखे होते. टेंडन पुन्हा तुटण्याचे प्रमाण मात्र बिनशस्त्रक्रियेच्या गटात ६.२ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या दोन्ही गटांत ०.६ टक्के होते. 'धोका दहापट' असे म्हटले की छातीत धस्स होते. तोच आकडा हजार माणसांवर मांडून पाहावा: शस्त्रक्रियेशिवाय ६२ जणांचा टेंडन पुन्हा तुटेल, शस्त्रक्रियेनंतर ६ जणांचा. म्हणजे एकाचे पुन्हा तुटणे टाळण्यासाठी सुमारे अठरा जणांची शस्त्रक्रिया करावी लागते. आता दुसरे पारडे: मज्जातंतूला इजा छोट्या छेदाच्या गटात ५.२ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेत २.८ टक्के आणि बिनशस्त्रक्रियेच्या गटात ०.६ टक्के. उड्यांच्या खेळात परतायचे असलेली व्यक्ती आणि जखम लवकर न भरणारी मधुमेही व्यक्ती हेच आकडे वाचून वेगवेगळा निर्णय घेतील, आणि दोघांचाही निर्णय योग्य असू शकेल.

नवी इंजेक्शने आणि उपकरणे

येथे नियम सोपा आहे: तुलनात्मक चाचणी झाली आहे का, हे विचारावे. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेटयुक्त प्लाझ्माचे इंजेक्शन तुटलेला टेंडन लवकर सांधते असे पुष्कळदा सांगितले जाते. ब्रिटनमध्ये अकिलीस टेंडनच्या २३० रुग्णांवर झालेल्या चाचणीत ते लटक्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही. खांद्याच्या, दुरुस्त न होणाऱ्या रोटेटर कफसाठी (खांद्याभोवतीच्या टेंडनच्या समूहासाठी) दोन हाडांच्या मधल्या जागेत फुगा बसवण्याची पद्धत वापरात आली होती. ११७ रुग्णांच्या चाचणीत फुगा न बसवलेल्यांचे गुण अधिक निघाले आणि चाचणी मध्येच थांबवण्यात आली. चाचणीची नोंदणी (काय मोजणार हे सार्वजनिक नोंदवहीत लिहून ठेवणे) सुरुवातीलाच झाली होती का आणि नोंदवलेले मुख्य मोजमापच निबंधात दिले आहे का, हेही पाहावे. मोजमाप नंतर बदलले असेल तर त्याचे कारण निबंधात दिलेले असायला हवे.

डॉक्टरांकडे जाताना

निबंध छापून नेऊन डॉक्टरांशी वाद घालण्यात काही हशील नाही, कारण गुडघा हाताने तपासलेला असतो तो त्यांनी. एका कागदावर आपले वय, इजेची तारीख, दुखणे कशाने सुरू झाले, गुडघा अडकतो किंवा दगा देतो का, आणि आपल्याला नेमके काय करता यायला हवे, हे लिहून न्यावे. मग विचारावे: माझ्यासारख्या रुग्णांवर तुलनात्मक चाचणी झाली आहे का? आधी व्यायाम करून पाहिल्यास नंतरच्या शस्त्रक्रियेचा फायदा कमी होईल का? व्यायाम कोणाच्या देखरेखीखाली आणि आठवड्यातून किती वेळा करायचा? मधल्या काळात कोणते लक्षण दिसले तर न थांबता यायचे? शेवटी, फेरतपासणी कोणत्या दिवशी करायची आणि त्या दिवशी काय जमले नाही तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा, हे तारखेसह त्याच कागदावर लिहून घ्यावे.