न वाजवता घेतलेली गिटार: पहिल्या आठ दिवसांत काय करायचं

वाकडच्या एका मुलाकडून मी साडेनऊ हजारांना जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली, तेव्हा ती वाजवून बघायला गेले नाही. संध्याकाळी नारायण पेठेतून वाकडला जायचं म्हणजे काय, ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. मुलगा महिन्याभरात जर्मनीला शिकायला निघाला होता. फोनवर म्हणाला, "काकू, एकदम मस्त कंडिशन." मी पैसे पाठवले. दुसऱ्या दिवशी पार्सलवाला गिटार दारात ठेवून गेला आणि त्या रात्री मी घरात कुणाशी धड बोलले नाही.

तारा गंजलेल्या आणि फ्रेटपासून, म्हणजे नेकवरच्या (गिटारच्या दांड्यावरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, इतक्या वर की बोटं कापली जावीत. खाली धरलेला कॉर्ड सुरात, तोच बाराव्या फ्रेटच्या पुढे बेसूर. ब्रिजजवळचा, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात त्या घोडीजवळचा, पिकअप (तारेचं कंपन पकडणारं वेटोळं) मुका. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की रेडिओवर स्टेशन शोधल्यासारखी खरखर. ॲम्प एवढा घुमत होता की शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "मिक्सर चालू राहिलाय का गं?" शिवाय तारांना हात लावला की बोटांत बारीक झिणझिण. १९९७ साली कॉलेजच्या फिरोदियात (पुण्यातली कॉलेजांची करंडक स्पर्धा) मागे बसून मी अकूस्टिक वाजवली होती. तेव्हापासून इलेक्ट्रिक घ्यायची मनात होती. म्हणजे बघा.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे घरात मल्टिमीटर आहे आणि स्वभावात चिवटपणा. तुमच्याकडे मल्टिमीटर नसला तरी चालेल. पण पहिल्या रात्री विकणाऱ्याला फोन करू नका. कुठली खोड नुसत्या जुळवणीची आहे आणि कुठली खरोखरची मोडतोड, हे तेव्हा तुम्हाला माहीत नसतं. सगळीचं खापर त्याच्यावर फोडलंत, तर जी खरी आहे तीही तो ऐकून घेणार नाही.

सुरुवात झिणझिणीपासून, कारण बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजखालच्या एका वायरने जॅकला आणि तिथून केबलमार्फत ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. घराला अर्थिंग नसेल तर ॲम्पमधली गळती तारांवर येते आणि तिला जमिनीकडे जायला रस्ता म्हणजे तुम्ही. मी तारेला टेस्टर लावला. मिणमिणता लालसर दिवा लागला. प्लग काढला आणि दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावलं. त्याने सॉकेट उघडून दाखवलं: तीन भोकं होती, पण तिसऱ्याच्या मागे वायरच नव्हती. पेठांतल्या जुन्या इमारतींत हे सर्रास असतं, फ्रिजला हात लावल्यावर मधूनच बोटांना मुंग्या येतात तेव्हा आपण चपला घालतो आणि विसरतो. गिटारच्या बाबतीत विसरायचं नाही. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचं कन्व्हर्टर लावून तर अजिबात वाजवायची नाही.

नवीन अर्थिंग ओढल्यावर झिणझिण गेली आणि घुमणंही निम्म्यावर आलं. म्हणजे अर्धी खोड गिटारची नव्हतीच, आमच्या भिंतीची होती. उरलेलं घुमणं तिच्या जातीचं. एकेरी वेटोळ्याचा पिकअप तारेचं कंपन पकडतो, तसंच आजूबाजूच्या वायरिंगचं ५० हर्ट्झही पकडतो. गंमत करून बघा: घुमणाऱ्या ॲम्पसमोर मोबाईलचा ट्यूनर धरा, तो बहुधा 'जी'च्या जरा वरचा सूर दाखवेल. ५० आणि १०० हर्ट्झ तिथेच पडतात. यावर उतारा म्हणून गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने १९५५ च्या सुमाराला दोन उलट वेटोळ्यांचा हमबकर काढला. तुमच्या गिटारला तो नसेल तर ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर आणि लॅपटॉपचा चार्जर यांच्यापासून लांब बसा आणि गिटार हातात धरून थोडं वळून बघा. एका दिशेला आवाज पडतो. एक खूण मात्र ध्यानात ठेवा. तारांना हात लावल्यावर घुमणं कमी झालं तर आतली ग्राउंडची वायर ठीक आहे. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजखालची वायर तुटलेली असू शकते.

आता तारा. जुन्या तारांवर गिटारबद्दल कुठलंही मत बनवू नका. मी साडेसहाशेला १०-४६ चा संच आणला. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात तारेची जाडी सांगतात, पहिली १० आणि सहावी ४६. स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) ढंगाच्या गिटारला मागे स्प्रिंगांवर तोललेला ब्रिज असतो, तेव्हा सगळ्या तारा एकदम कापू नका. एक काढा, एक घाला. घालताना नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळ तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या, खाचेत मऊ पेन्सिलीचं, ६बी असेल तर उत्तम, शिसं घासा. खुंटी पिळताना मध्येच 'टिंग' वाजून सूर उडी मारतो, तो तार खाचेत अडकल्यामुळे. "सूर टिकत नाही" म्हणून लोक खुंट्यांना शिव्या घालतात आणि बऱ्याचदा दोष या खाचेचा असतो. नवी तार हाताने जरा ओढून पुन्हा सुरात आणा, असं तीन-चारदा. माझी सूर न टिकण्याची तक्रार इथेच संपली.

मग नेक. यापुढचा क्रम मोडायचा नाही: आधी नेकचा बाक, मग तारांची उंची, शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर लागणं. आधीचं हलवलं की नंतरचं बिघडतं, म्हणून उलट्या क्रमाने काम केलं तर ते दोनदा करावं लागतं. मी केलं.

पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जिथे नेक बॉडीला मिळतो तिथे सहावी तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास, हवी. माझ्या गिटारीत तीन कार्डं गेली. नेक धनुष्यासारखा पुढे वाकला होता.

पुण्यात हे होणारच. जुलैत लाकूड ओल धरतं, एप्रिलमध्ये इतकं सुकतं की नेकच्या कडेने फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात. तारांची ओढ वेगळी. त्यासाठी नेकच्या पोटात लोखंडी ट्रस रॉड असतो. घड्याळाच्या दिशेने घट्ट केला की नेक सरळ होतो, उलटा सैल केला की बाक वाढतो. एका वेळी पाव फेरा, पुन्हा सुरात आणायचं, मग माप. हे काम घाबरण्यासारखं नाही, फक्त ॲलन की, म्हणजे सहा कोनांची चावी, नेमक्या मापाची हवी. मिलिमीटरची आणि इंचाची की एकमेकींच्या जागी जवळजवळ बसतात, आणि त्या 'जवळजवळ'ने घात होतो. माझ्याआधी कुणीतरी तो केला होता. मी की घातली, फिरवली. ती फिरली. फिरतच राहिली. रॉडच्या टोकाच्या नटचे (हा वेगळा नट, तारांच्या खाचांचा नव्हे) सहाही कोन झिजून गोल झाले होते.

ही झाली खरी मोडतोड. सगळ्या तक्रारींत फोन करण्यासारखी हीच एक निघाली.

तरी पुढचं केलं. स्टीलची पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी धरून तारेची उंची मोजा. सहाव्या तारेला २ मिमी आणि पहिलीला दीड, हे बहुतेकांना सोयीचं पडतं. ब्रिजवरच्या प्रत्येक सॅडलला, म्हणजे तारेखालच्या छोट्या ठोकळ्याला, दोन बारीक स्क्रू असतात, दीड मिमीच्या ॲलन कीने फिरतात. जोपर्यंत तार फ्रेटवर घासून करकरत नाही तोपर्यंत खाली आणायची.

या करकरीबद्दल थोडं. माझ्या आत्याकडे मिरजेचा तंबोरा होता. ती तारेखाली सुताचा धागा सरकवत बसायची, जवारी उघडेपर्यंत. तिथे तारेने घोडीला अलगद घासून गाणं हाच तर सगळा सोहळा. गिटारला तीच जवारी नको असते, एवढाच फरक. पण ती कुठे लागते यावरून कारण कळतं. फक्त मोकळी तार करकरली तर नटची खाच खोल गेलीय. पहिल्या पाच फ्रेटांत करकर असेल तर नेक गरजेपेक्षा सरळ किंवा मागे वाकलाय. बाराव्याच्या पुढे असेल तर सहसा उंची कमी पडतेय. एकाच जागी असेल तर त्याच्या पुढचा एखादा फ्रेट वर आलाय: जुन्या एटीएम कार्डाची सरळ कड तीन-तीन फ्रेटांवर ठेवा, कार्ड डुगडुगलं की तो मधला फ्रेट सापडला.

फ्रेटांची झीजही बघून घ्या. पहिल्या तीन फ्रेटांवर, बारीक तारांच्या खाली खड्डे दिसतात. नखाला लागतील एवढे असतील तर चालतं. खोल असतील तर फ्रेट घासून समपातळीत आणणं किंवा बदलणं हे कारागिराचं काम, घरी कानस घेऊन बसायचं नाही.

इंटोनेशन सोपं आहे. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही सूर एकच हवेत. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे न्या, म्हणजे नेकपासून लांब. उतरला तर पुढे आणा. फरक भागिले अंतर असलं गणित करू नका, अर्धा फेरा फिरवून ऐका. सहा तारांना मला पाऊण तास लागला.

मुक्या पिकअपवर मात्र मी खरी रमले. गिटार न उघडताच त्याची नाडी बघता येते. केबल गिटारला लावा, सगळी बटणं पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा, एक पिन टोकाला आणि एक दांड्याला, रेंज २० किलोओहम. एकेरी पिकअप साधारण ५ ते ७ दाखवतो. माझ्याकडे नेकचा ५.८, मधला ५.९ आला. स्विच दोघांच्या मध्ये ठेवला की २.९, कारण दोन रोध समांतर. माझ्या अकरावीच्या पोरांना आता हेच उदाहरण देते. ब्रिजच्या पिकअपला नुसता १, म्हणजे रेंजच्या बाहेर. एक तर आतलं केसासारखं वेटोळं तुटलंय किंवा बाहेर कुठेतरी टाका सुटलाय. पिकगार्डचे अकरा स्क्रू काढले, स्विचपाशी एक पिवळी वायर मोकळी लोंबत होती. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने एक टाका, आणि ५.९. खरखरीसाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणला, पॉटच्या (बटणाखालच्या फिरत्या रोधाच्या) फटीत एक फुसकारा, आणि बटण पंचवीसेक वेळा इकडून तिकडे. तिथला दुकानदार म्हणाला, "मॅडम, टीव्ही दुरुस्त करताय?" डब्लूडी-४० वापरू नका. साधा प्रकार आतली चिकट ग्रीस धुऊन टाकतो आणि मग बटण गरागरा फिरतं.

पट्ट्याचं बटणही ढिलं होतं. काडेपेटीच्या दोन काड्या गुल काढून फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात, रात्रभर सुकवून स्क्रू परत.

आठव्या दिवशी मुलाला फोन केला. झिजलेल्या नटचा फोटो आधीच पाठवला होता. तो खरोखर ओशाळला. "काकू, शपथ, मी कधी तिथे कीच लावली नाही. वर्षभर कपाटावर होती."

"मग घेतलीस तेव्हा बघितलं नाहीस?"

"नाशिकच्या एका दादाकडून मागवली होती. न वाजवता."

दीड हजार त्याने आपण होऊन परत पाठवले. त्या रागात मी नुसतं "फसवलंस" म्हटलं असतं तर बहुधा तेही आले नसते.

तुम्ही अजून पैसे पाठवले नसतील तर फोटोंवर जाऊ नका, तीन व्हिडिओ मागा. पहिला, हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) नेकच्या कडेने खाली बघत घेतलेला: दोन्ही कडा सरळ दिसायला हव्यात, पिळ असेल तर सोडून द्या, तो घरी निघत नाही. दुसरा, ॲम्प लावून प्रत्येक पिकअप आणि प्रत्येक बटण फिरवताना. तिसरा, ट्रस रॉडमध्ये की घालून जेमतेम एक अष्टमांश फेरा इकडे-तिकडे, की अडते आहे हे दिसेपर्यंत. तिसऱ्याला लोक कुरकुरतात. "माझ्याकडे की नाही" म्हणाला तर तेही उत्तरच आहे, किंमत त्या हिशेबाने बोला. आणि शक्य असेल तर जा हो वाकडला. सकाळी सातला निघालं की रस्ता रिकामा असतो.

मी गिटार एका दुरुस्ती करणाऱ्याला दाखवली. तो म्हणाला, जरा मोठ्या मापाची की ठोकून बसवून नट सुटतो का बघू, नाही सुटला तर फिंगरबोर्ड (नेकवरची फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) उचलावा लागेल आणि तो खर्च गिटारच्या किमतीला भिडेल. तोवर मी १०-४६ काढून ९-४२ च्या तारा घातल्यात. ओढ कमी झाली, सातव्या फ्रेटपाशी आता तीनऐवजी दोन कार्डं जातात. त्याने दिवाळीनंतरची तारीख दिलीय.