हेल्थ इन्शुरन्सची कंपनी बदलताय? जुनी वर्षं सोबत न्यायची कशी ते बघा

प्रीमियम वाढला की डोकं फिरतं आणि मग माणूस दुसऱ्या कंपनीचे कोटेशन बघायला लागतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेला, त्यामुळे बऱ्याच जणांनी त्याच पैशात मोठं कव्हर घ्यायचा विचार चालवलाय, चांगलंच आहे, पण त्या नादात जुनी पॉलिसी सोडून नवीन "फ्रेश" घेऊ नका. चार-पाच वर्षं भरलेल्या हप्त्यांची खरी कमाई म्हणजे तुमचा संपत आलेला वेटिंग पिरियड (काही आजारांचा क्लेम मिळायला सुरुवातीची काही वर्षं थांबावं लागतं तो काळ), आणि तो नव्या कंपनीत मोजला जातो, फक्त रीतसर पोर्ट केलं, म्हणजे जुनी वर्षं धरून पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेली, तरच.

आपल्याकडे ही सोय 1 ऑक्टोबर 2011 पासून आहे. मोबाईल नंबर पोर्ट करतो ना तसंच लोकांना वाटतं, पण मोठा फरक आहे, इथे नवी कंपनी तुम्हाला नाही म्हणू शकते. वय, आजार, आधीचे क्लेम बघून ती ठरवते. म्हणून नव्या कंपनीचा होकार हातात पडेपर्यंत जुनी पॉलिसी बंद करायची नाही, आणि नकार आला तर गुपचूप जुनीच रिन्यू करायची. तुम्ही दुसरीकडे अर्ज केला होता किंवा मागच्या वर्षी क्लेम घेतला होता एवढ्यावरून जुनी कंपनी रिन्युअल नाकारू शकत नाही.

आता सोबत काय काय येतं ते सांगतो. आधीपासून असलेल्या आजारांचा, म्हणजे शुगर, बीपी, थायरॉईड वगैरेंचा वेटिंग पिरियड, हा एप्रिल 2024 पासूनच्या नियमांनी जास्तीत जास्त 3 वर्षं ठेवता येतो, आधी 4 होता. दुसरा ठरावीक आजारांचा, मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, किडनी स्टोन, गुडघे बदलणं असले, तो बहुतेक पॉलिसीत 2 वर्षांचा असतो. नवीन पॉलिसीत सुरुवातीचे 30 दिवस आजारपणाचा क्लेम मिळत नाही, ते दिवस पोर्ट केल्यावर पुन्हा काढावे लागत नाहीत. आणि मोरॅटोरियम, ज्याच्याकडे कोणी बघत नाही पण माझ्या मते सगळ्यात किमती तोच आहे: सलग 60 महिने पॉलिसी चालली की त्यानंतर कंपनी "तुम्ही अमुक आजार सांगितला नव्हता" म्हणून क्लेम अडवू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. ही मुदत आधी 8 वर्षं होती, आता 5 केलीय. जुन्या कंपनीतले महिने यात धरले जातात.

इथे एक बारीक गोष्ट आहे. वर्षं मोजली जातात, "वेटिंग संपलं" असा शिक्का मोजला जात नाही. जुन्या पॉलिसीत बीपीचा वेटिंग 2 वर्षांचा होता, तो तुम्ही पूर्ण केला, आणि नव्या प्लॅनमध्ये तोच 3 वर्षांचा असेल तर उरलेलं 1 वर्ष थांबायला लागतं. म्हणून प्लॅन निवडतानाच दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा, नाहीतर स्वस्तातला प्लॅन महागात पडतो.

दुसरी मर्यादा रकमेची. जुन्या वर्षांचं क्रेडिट मिळतं ते जुन्या सम इन्शुअर्डपुरतं (म्हणजे कव्हरच्या रकमेपुरतं) आणि त्यावर जमलेल्या बोनसपुरतंच (क्लेम न घेतल्यामुळे वाढलेलं कव्हर). समजा तुमची पॉलिसी 5 लाखांची, बोनस 1 लाख जमलाय, शुगर आहे, 2 वर्षं झालीत, आणि आता नव्या कंपनीत 10 लाखांची घेताय जिथे वेटिंग 3 वर्षं आहे. तर पहिल्या 6 लाखांसाठी फक्त 1 वर्ष थांबायचं, वरच्या 4 लाखांसाठी मात्र पूर्ण 3 वर्षं. पुढे दीड वर्षाने शुगरमुळे ॲडमिट व्हायला लागलं आणि बिल 8 लाख झालं तर वेटिंगच्या हिशोबाने 6 च्या वरचे तुमच्या खिशातून. मोरॅटोरियमही वाढीव रकमेवर नव्याने मोजतात.

बोनस फुकटात येत नाही हेही लक्षात ठेवा. आयआरडीएआयनेच (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) हे उदाहरण देऊन सांगितलंय, 2 लाखांची पॉलिसी आणि 50 हजार बोनस असेल तर नव्या कंपनीने अडीच लाखांचं कव्हर द्यायचं आणि प्रीमियमही अडीच लाखांचा घ्यायचा, अडीचचा प्लॅन नसेल तर 3 लाखांचा द्यायचा पण पोर्टचा फायदा अडीचपर्यंतच. म्हणजे बोनस आता विकत घ्यायचा असतो, पण त्याच्यावरची वर्षं वाचतात.

तारखांचं गणित. पॉलिसीच्या कागदात लिहिलेलं असतं की रिन्युअलच्या किमान 45 दिवस आधी अर्ज करा आणि 60 दिवसांपेक्षा आधी नको. म्हणजे रिन्युअल 20 नोव्हेंबरला असेल तर 21 सप्टेंबर ते 6 ऑक्टोबर हा तुमचा काळ. उशीर झाला तरी काही कंपन्या घेतात, पण ती त्यांची मर्जी, हक्काने भांडता येत नाही. अर्ज गेला की नवी कंपनी जुन्या कंपनीकडून तुमची माहिती ऑनलाईन मागवते, जुनीने ती 72 तासांत द्यायची आणि मिळाल्यापासून 5 दिवसांत नवीनने हो की नाही कळवायचं, असा 2024 चा नियम आहे. पोर्ट करण्यासाठी म्हणून वेगळी फी कोणी मागितली तर देऊ नका, अशी फी नसते.

कागद काय लागतात? शक्यतो सगळ्या वर्षांच्या पॉलिसी कॉपी (निदान मागच्या 4-5), रिन्युअल नोटीस, क्लेम घेतले असतील तर डिस्चार्ज कार्ड, आणि आजार असेल तर ताजे रिपोर्ट. प्रपोजल फॉर्ममध्ये सगळे आजार परत लिहायचे, "जुन्या कंपनीला माहितीय की" हे इथे चालत नाही. आणि एजंट म्हणाला "काका बीपी लिहू नका, उगाच मेडिकल लावतील" तर त्या माणसाला नमस्कार करून दुसरा शोधा.

आता जिथे खरी गडबड होते ते. माझ्या मामांनी 6 वर्षं चाललेली पॉलिसी बदलली, एजंटने सांगितलं पोर्ट केलंय, सगळे खूश. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा कॅशलेस नाकारलं, कारण 24 महिने झाले नाहीत. मी पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे आतला तपशिलाचा तक्ता, उघडून बघितलं तर मामा-मामींच्या नावापुढे जन्मतारीख, सम इन्शुअर्ड, सगळं होतं आणि शेवटच्या रकान्यात पहिल्या पॉलिसीची तारीख म्हणून त्याच वर्षाची तारीख, आणि मागच्या कंपनीच्या नावाच्या जागी नुसती आडवी रेघ. म्हणजे पोर्ट झालंच नव्हतं, फ्रेश पॉलिसी फाडली होती, कारण त्यात कटकट कमी. कंपनीचं नाव लिहीत नाही, ते कुठेही होऊ शकतं.

त्यामुळे नवी पॉलिसी मेलवर आली की त्याच दिवशी पहिलं पान नाही, शेड्यूल बघा. प्रत्येक माणसासमोर पहिल्या पॉलिसीची जुनी तारीख आहे का, मागची कंपनी आणि पॉलिसी नंबर आहे का, पोर्टखाली किती रक्कम आणि किती वर्षं मोजलीत. चूक असेल तर लगेच मेल टाकून दुरुस्त करून घ्या, फोनवर बोलून समाधान मानू नका. फ्लोटर, म्हणजे घरच्यांची मिळून एकच पॉलिसी असेल तर हे प्रत्येकाचं वेगळं असतं, नवऱ्याची 7 वर्षं झाली आणि बायकोला मागच्या वर्षी ॲड केलं असेल तर तिचं क्रेडिट 1 वर्षाचंच.

नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीवाल्यांसाठी. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली पॉलिसीत जायचा हक्क तुम्हाला आहे आणि तिथली वर्षं मोजतात, एकदा तिथे स्थिरावलात की पुढे दुसरीकडे पोर्ट करता येतं. पण हे राजीनामा देऊन रिलीव्ह झाल्यावर आठवलं तर हातात काही राहत नाही, नोटीस पिरियडमध्येच एचआरकडून किती वर्षं कोण कोण कव्हर होतं याचं पत्र घ्या. आणि हो, खिशातल्या कार्डावर मोठ्या अक्षरात नाव असतं ते बऱ्याचदा टीपीएचं (विमा कंपनीसाठी क्लेमचं काम बघणारी मधली संस्था), विमा कंपनी वेगळीच असते, अर्ज तिच्याकडे करायचाय. ईएसआयसी किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजनेतली वर्षं मात्र इथे धरत नाहीत, त्या सरकारी योजना आहेत.

आणि साखळी तुटू देऊ नका, सगळं ह्याच्यावर उभं आहे. वार्षिक हप्ता असेल तर रिन्युअलनंतर 30 दिवसांचा ग्रेस, म्हणजे हप्ता भरायला सवलतीचा वेळ मिळतो, त्यात भरलं तर वर्षं टिकतात, त्यापुढे गेलं की वेटिंग परत शून्यापासून.

एवढं करूनही क्रेडिट नाकारलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी मेल, मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 वर, आणि महिनाभरात उत्तर नाही किंवा पटणारं नाही तर विमा लोकपाल, मुंबईत आणि पुण्यात त्यांची ऑफिसं आहेत, फी नाही, वकीलही लागत नाही. जुन्या पॉलिसींच्या पीडीएफ मात्र तेव्हा शोधत बसायला नको म्हणून आजच एका फोल्डरमध्ये टाकून ठेवा, कारण सलग किती वर्षं होती हे दाखवायला तिथे त्याच लागतात.