लॅन्थॅनम-निकेलवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

पीएचडीला माझ्या वाट्याला आलेलं पहिलं संयुग लॅन्थॅनमच्या एका अणूमागे निकेलचे पाच अणू असलेलं होतं. कागदावर काम सोपं दिसतं. खोलीच्या तापमानाला, साधारण दोन वातावरण दाबाला ते हायड्रोजन शोषतं आणि दाब उतरवला की परत देतं.

माझा पहिला नमुना मात्र जास्त दाब मागत होता. महिनाभर मी प्रेशर गेजवर संशय घेतला. चूक तराजूवर झाली होती! पाच ग्रॅमच्या नमुन्याला १.६१ ग्रॅम लॅन्थॅनम लागतं, पण मी तुकडा न घासताच तोलला होता. लॅन्थॅनम हवेत लवकर पांढुरकं पडतं. त्या ऑक्साइडचं वजन मी धातूत धरलं, लॅन्थॅनम कमी पडलं, निकेलचं प्रमाण वाढलं आणि दाबही चढला.

तेव्हा आधी कानस. तुकडा चकचकीत होईपर्यंत घासा आणि लगेच तोला. आर्क फर्नेसमध्ये (विजेच्या ठिणगीने धातू वितळवणारी भट्टी) आर्गॉन भरल्यावर आधी टायटॅनियमचा गोळा वितळवा, उरलासुरला ऑक्सिजन तो ओढून घेतो. मग लॅन्थॅनम-निकेल वितळवून झालेला चपटा गोळा, म्हणजे बटण, उलटून तीन-चार वेळा वितळवा आणि शेवटी पुन्हा तोला. स्फटिकरचना तपासणारं एक्स-रे डिफ्रॅक्शन त्यानंतर.

पहिल्यांदा हायड्रोजन सोडला की लगेच काही होत नाही, घाबरू नका. माझ्याकडे तासभर काटा हलला नाही. मग दाब भराभर पडला आणि नमुन्याची नळी हाताला गरम लागली. नंतर उघडून पाहिलं तर चमकदार बटणाच्या जागी करडी पूड. शोषताना आकारमान जवळजवळ २५ टक्के फुगतं, धातू तडकत जातो. म्हणून नळी गच्च भरू नका, आणि पुडीला एकदम हवा लागू देऊ नका, ती पेट घेऊ शकते.

उपयोगाचं म्हणाल, तर गाडीच्या टाकीत हायड्रोजन साठवायचं स्वप्न मी तरी सोडलंय. हायड्रोजन वजनाच्या जेमतेम १.४ टक्के, बाकी सगळा धातूचा बोजा. पण निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीचा ऋण इलेक्ट्रोड याच कुळातला. तिथे शुद्ध लॅन्थॅनमऐवजी स्वस्त मिश्मेटल (दुर्मिळ मृदा धातूंचं मिश्रण) घालतात आणि थोड्या निकेलच्या जागी कोबाल्ट, मँगनीज, अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियमने दाब उतरतो, कोबाल्टने फुगणं आटोक्यात येतं. विषय निवडायचा असेल तर मी या अदलाबदलीतलाच निवडेन. पाच-सहा नमुने, प्रत्येकाचा दाब-आलेख (किती हायड्रोजन शोषला की दाब किती, ते दाखवणारा), पहिलं वर्ष त्यातच जातं.