लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासासाठी खाऊ कसा निवडावा

सायकलवर लांब जायचे म्हटले की "मूठभर बदाम-काजू आणि शेंगदाण्याची चिक्की खिशात टाका" असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला देणारे पदार्थातील ऊर्जा मोजतात. पण चौथ्या तासाला, ऊन चढलेले आणि तोंड कोरडे पडलेले असताना तो पदार्थ घशाखाली उतरेल का, याचा विचार करत नाहीत. माझ्या मते खाऊ निवडताना सर्वाधिक वजन याच प्रश्नाला दिले पाहिजे.

आधी गरजेचा हिशेब करावा. स्नायूंमध्ये आणि यकृतात साठलेले ग्लायकोजेन (म्हणजे शरीराने साठवलेली कर्बोदके) जोरात सायकल चालवताना दीड-दोन तासांत बरेचसे खर्च होते, म्हणून त्याहून लांबच्या प्रवासात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. मध्यम आकाराच्या केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात, १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यातून २० च्या आसपास, तर ३० ग्रॅम कणीक आणि १५ ग्रॅम गूळ घालून केलेल्या दशमीतून सुमारे ३५ ग्रॅम. बाकीचे गणित ज्याचे त्याने आपल्या वेगानुसार मांडावे.

मग स्निग्ध पदार्थ बाजूला काढावेत. शेंगदाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मा भाग चरबीचा असतो, आणि चरबीमुळे जठर रिकामे व्हायला वेळ लागतो. त्यातच श्रम करताना रक्तपुरवठा पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळलेला असतो. वाटेतला वडापाव याच कारणाने टाळावा, निदान पुढे घाट असेल तर नक्कीच.

आता खरा अवघड टप्पा, जो मलाही बराच काळ साधत नव्हता : पदार्थाचा पोत. पुण्याहून महाबळेश्वरला जाणारा सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता घ्या. खंबाटकी मागे पडला तरी वाईनंतरचा पसरणी घाट अजून बाकी असतो. चढावर दम लागला की श्वास तोंडाने चालतो, आणि चावण्यासाठी तर तोंड मिटावे लागते. ही दोन कामे एकाच वेळी होत नाहीत. अशा वेळी राजगिऱ्याची वडी किंवा कोरडी बिस्किटे तोंडात घातली, तर त्यांचा भुगा लाळेत भिजत नाही, श्वासाबरोबर आत ओढला जातो आणि जोराचा ठसका लागतो. एका हाताने हँडल धरलेले असताना, शेजारून ट्रक जात असताना असा ठसका लागणे धोक्याचे आहे, हे मी अगदी गंभीरपणे सांगतो. चिक्कीची अडचण वेगळी आहे : ती दातांना चिकटते, गिळायला वेळ घेते, आणि पावसाळ्यात गूळ हवेतील ओलावा शोषून घेत असल्यामुळे तिची वेष्टनातच चिकट वडी होते.

म्हणून ओलसर, मऊ आणि एकसंध पदार्थच निवडावेत. माझी पहिली पसंती गुळाच्या दशमीला आहे. पूर्वी प्रवासाच्या शिदोरीत ती असे, ते तिच्या टिकाऊपणामुळे आणि मऊपणामुळे. सायकलस्वारालाही नेमके हेच दोन गुण हवे असतात. तूप मात्र बेताचेच घालावे. दुसरी पसंती बिया काढलेल्या मऊ खजुराच्या, चिमूटभर मीठ घालून वळलेल्या गोळ्यांना. वाळून कडक झालेली खारीक हा त्याला पर्याय नव्हे. तिसरी पसंती मीठ लावलेल्या लहान उकडलेल्या बटाट्यांना, कारण काही तासांनी गोड नकोसे होते आणि घामातून मीठही गेलेले असते. बटाटा उन्हात लवकर खराब होतो, त्यामुळे तो प्रवासाच्या पहिल्या टप्प्यातच संपवावा. केळे उत्तम, पण पाठीच्या खिशात ते चेपते.

घरी बसून चव घेणे म्हणजे पदार्थाची परीक्षा नव्हे. सरावाच्या लांब फेरीत, तिसऱ्या तासानंतर, हलक्या चढावर एक घास खाऊन पाहावा. पाण्याच्या एका घोटात तो सहज उतरला नाही, तर तो पदार्थ यादीतून काढून टाकावा, मग तो कितीही पौष्टिक असो. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकल फेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते. नवा पदार्थ तिथे पहिल्यांदा खाऊन पाहू नये. घासाबरोबर साधे पाणीच प्यावे. गोड पेयही घेतले तर पोटात साखरेची तीव्रता वाढते आणि मळमळते.

खाण्याची जागाही आधीच ठरवावी. पसरणीपूर्वीचा घास सुरूर फाटा ते वाई या बऱ्याचशा सपाट पट्ट्यातच, श्वास लयीत असताना खावा; घाट सुरू झाल्यावर खायला काढू नये.

तुकडे दोन घासांत संपतील एवढे करून बटर पेपरमध्ये सैल गुंडाळावेत, म्हणजे एका हाताने उघडता येतात. पहिला तुकडा निघाल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात, भुकेची वाट न पाहता खावा, आणि हिशेबापेक्षा दोन तुकडे जास्त घ्यावेत, कारण पंक्चर झाले तर मुक्कामाची वेळ पुढे जाते.