जुन्या ड्यून बग्गीसाठी इंजिन घेताना आधी पुली हलवून बघा

फोक्सवॅगन बीटल गाडीच्या सांगाड्यावर बांधलेल्या बग्गीला (वाळूत पळवायच्या उघड्या गाडीला) फोक्सवॅगनचंच 1600 ड्युअल पोर्ट इंजिन (प्रत्येक हेडला आत येणाऱ्या दोन वाटा; खरं माप 1584 सीसी) पुरून उरतं. गाडीच हलकी असते. अडचण एकच, वरून चकाचक दिसणारं सेकंडहँड इंजिन आतून गेलेलं निघतं.

1. इंजिन बंद असताना क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली दोन्ही हातांनी घट्ट धरून आत ढकला, बाहेर ओढा. हाताला ‘टक्’ जाणवलं तर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं मापक) लावा. आत-बाहेर हालचाल 0.07 ते 0.13 मिमी असेल तर चालतं. 0.15 च्या पुढे असेल तर शिम (फटीत बसवायच्या पातळ चकत्या) बदलून भागेलच असं नाही. बहुधा इंजिनाची केसच (बाहेरचं कवच) झिजलेली असते, आणि तो खर्च इंजिनाच्या किमतीशी स्पर्धा करतो.

2. फ्लायव्हीलचे (क्रँकच्या टोकाच्या जड चाकाचे) दात मोजा. 109 म्हणजे 6 व्होल्टच्या गाडीचं, 130 म्हणजे 12 व्होल्टच्या. 130 दातांचं मोठं फ्लायव्हील जुन्या 6 व्होल्टच्या गाडीच्या गिअरबॉक्सच्या घंटीत (फ्लायव्हील झाकणाऱ्या घंटेसारख्या कवचात) आतून घासतं. स्टार्टरही जुळत नाही.

उघडं इंजिन देखणं दिसतं म्हणून सिलिंडरभोवतीचे पत्रे मात्र काढू नका. हे इंजिन हवेने थंड होतं; पत्रे नसले की पंख्याची हवा सिलिंडरवरच्या फिनांमधून (पातळ पात्यांमधून) न जाता बाजूने निसटते आणि हेड तापतात.