कॉलेजच्या पोरापोरींचे दात सांभाळायचे तर खाण्याच्या वेळा कशा बसवायच्या

आधी एक काम करा. कागद घ्या आणि काल उठल्यापासून झोपेपर्यंत लेकराच्या तोंडात काय काय गेलं ते टायमासकट लिहून काढा, फक्त पाणी सोडायचं, बाकी चहा पण लिहायचा आणि मेसच्या काउंटरवरची रंगीत साखरेची बडीशेप पण. लातूरला क्लाससाठी रूम करून राहणाऱ्या पोराचं लिहिलं तर साधारण असं निघतं: पहाटे चहा-बिस्किट, मग पोहे नाहीतर सुशीला (चुरमुऱ्याचा नाश्ता), क्लासच्या ब्रेकला क्रीमचं बिस्किट, मेसचं जेवण, चारला चहा-खारी, संध्याकाळी कोपऱ्यावर वडापाव आणि थंडा, रात्री परत मेस, अकराला वाचता वाचता वेफर्स आणि एक वाजता झोप येऊ नये म्हणून चहा. नऊ वेळा झालं. यात मिठाई कुठंच नाही तरी दाढ किडते आणि घरचे म्हणतात आमचं लेकरू तर गोड खातच नाही हो.

किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त लागतं, सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. दातावर जो चिकट थर बसतो त्यात जंतू असतात, त्यांना साखर किंवा मैदा-बटाट्याचा स्टार्च मिळाला की काही मिनिटांत ते आम्ल बनवतात, पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) 5.5 च्या खाली गेला की दाताच्या कवचातलं कॅल्शियम सुटायला लागतं. लाळ ते आम्ल धुऊन काढते, सुटलेलं कॅल्शियम बऱ्यापैकी परत बसवते, मात्र त्याला अर्धा-पाऊण तास तरी मोकळा मिळायला पाहिजे. सारखं काहीतरी चघळणाऱ्या पोराच्या लाळेला तो वेळ मिळतच नाही. म्हणून चार पेढे जेवणासोबत एकदम खाल्लेले परवडतात, तेच चार पेढे दिवसभर एकेक करून खाल्ले की नुकसान जास्त. आणि गूळ, मध, काकवी हे सगळं जंतूंच्या हिशोबाने साखरच आहे बरं का, गुळाने दात किडत नाहीत असं आपल्याकडं लई ऐकायला मिळतं ते खरं नाही.

कीड या वयातच जास्त का लागते, तर 12-13 व्या वर्षी मागची दुसरी दाढ येते, तिचं कवच नवीन असतं, अजून पूर्ण पक्कं झालेलं नसतं, वरच्या खाचा खोल असतात आणि ब्रश तिथपर्यंत नीट जात नाही. त्यात हातात खर्चाला पैसे येतात.

आता कागदावरच्या नऊ वेळा चार-पाचवर आणायच्या. पोरगं उपाशी ठेवायचं नाही, वेळा एकत्र करायच्या. पहाटेचा चहा पोह्यासोबतच घ्यायचा, मधल्या ब्रेकचं बिस्किट बंद करून डब्यात भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, काकडी, पेरू असलं द्यायचं. गावाकडून शिदोरी येते तेव्हा लाडू-शंकरपाळीच्या डब्यासोबत ज्वारीचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी जास्त पाठवा, धपाटे दोन-तीन दिवस टिकतात आणि रूमवर दही घेऊन खाता येतात. लाडू पण खाऊ द्या, पण जेवणासोबत. खारी, टोस्ट, क्रीम बिस्किट, वेफर्स हे चावलं की दाढेच्या खाचेत लगदा होऊन बसतं, वेफर्स खारट असले तरी कीड लावतातच, हे पोरांना दाखवायचं असेल तर वेफर्स खाल्ल्यावर दहा मिनिटांनी जिभेचं टोक मागच्या दाढेवर फिरवायला सांगा, पीठ तिथंच असतं. काही खाल्लं की पाण्याने जोरात चूळ भरायची, एवढी सवय लागली तरी लई फरक पडतो. जेवणाचा शेवट दही किंवा बिनसाखरेच्या ताकाने केला तर अजून चांगलं.

थंड्याचं लेबल एकदा वाचा, 100 मिलीला साखर साधारण 10 ग्रॅमच्या आसपास दिसेल. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 ला सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत पाहिजे आणि 5 टक्क्यांच्या आत आली तर उत्तम, हे 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम, पाव लिटरच्या बाटलीत ते संपलं, चहाची साखर अजून वेगळीच. आणि साखर नसलेला कोला पण आंबटच असतो, तो कवच झिजवतोच. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर लहान मुलांसाठी नाही असं छापलेलं असतं तरी परीक्षेच्या दिवसात पोरं तेच पितात. प्यायचंच असेल तर जेवणासोबत, एका दमात, तासभर घोट घोट करत नाही. लिंबू सरबत, कैरी, चिंचेच्या गोळ्या यांना पण हेच लागू. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका, कवच तेव्हा मऊ झालेलं असतं, आधी चूळ भरा आणि अर्धा तास थांबा.

रात्रीचा नियम मात्र कडक ठेवा. झोपेत लाळ एकदम कमी होते, म्हणून एक वाजताचा गोड चहा पिऊन तसंच झोपणं हे दिवसातलं सगळ्यात वाईट खाणं. जागायचंय तर पाणी प्या, भूक लागली तर फुटाणे किंवा बिनसाखरेचं दूध घ्या, मग फ्लोराइडच्या पेस्टने दोन मिनिटं ब्रश, फेस थुंकून टाका आणि त्यानंतर भरपूर पाण्याने चुळा भरू नका, थोडं फ्लोराइड दातावर राहू द्या. मशेरीने दात घासायची सवय ज्या घरात आहे तिथं पोरींना तरी ती लावू नका, तो भाजलेला तंबाखूच आहे.

फ्लोराइडवरून आपल्या मराठवाड्यातलं सांगणं गरजेचं आहे. नांदेडच्या किनवटकडं, बीड-लातूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. असं पाणी पिऊन वाढलेल्या पोराच्या दातावर लहानपणापासूनच खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे असतील तर ती कीड नाही, घाण पण नाही, कोळशाने घासून ते जात नाहीत, उलट कवच झिजतं. ते डाग साधारण आठ वर्षांच्या आत दात आतल्या आत तयार होताना पडलेले असतात, म्हणून घरात लहान भावंडं असतील तर बोअरचं पाणी तपासून घ्या, भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा प्रयोगशाळेत होतं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही.

सुपारी. गुटखा महाराष्ट्रात 2012 पासून बंद आहे तरी कुठं मिळतो ते पोरांना माहीत असतं, आणि साधी सुगंधी सुपारी तर कोणाला व्यसन वाटतच नाही. पण नुसत्या सुपारीने पण गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, तिखट सोसत नाही, तोंड उघडणं कमी होतं, आणि ते पूर्ण पहिल्यासारखं होत नाही, पुढं कॅन्सरचा धोका राहतो. पोराला सांगा स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघ. जात नसतील तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडं न्या, आणि चिडू नका, चिडलात तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

हिरड्यातून रक्त येणं या वयात हार्मोन्समुळं वाढतं, पोरं घाबरून तिथं ब्रश लावणं सोडतात आणि रक्त अजून वाढतं, तिथंच हलक्या हाताने घासायचं. पेरू, आवळा, मोसंबी खाण्यात ठेवा. तोंडाचे कोपरे सारखे फाटत असतील, जीभ गुळगुळीत लाल दिसत असेल, तोंड सारखं येत असेल तर लोह आणि बी-12 तपासा, पाळी सुरू झालेल्या पोरींचं तर नक्कीच. कॅल्शियमला दूध-दही, तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला. तारा लावलेल्यांनी चिक्की, ऊस आणि कणीस दाताने तोडायचं नाही, दाणे काढून खा.

महिन्यातून एकदा मोबाईलचा टॉर्च मारून बघा. हिरडीलगत दातावर नव्याने पांढरट, चमक गेलेली रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते, खाण्याच्या वेळा सुधारल्या आणि फ्लोराइड लावलं तर ती थांबू शकते. खाचेत काळं दिसलं किंवा गार पाणी लागायला लागलं तर दाखवाच. सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते 18 वर्षांपर्यंतच्या मुलांचे दात पण बघतं, आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. नवीन दाढांच्या खाचा बुजवायचं सीलंट मिळेल का हे स्वतःहून विचारा. कीड लहान असली तर एका बैठकीत फिलिंग होतं, नसेपर्यंत गेली की रूट कॅनालच्या चकरा आणि वर कॅप, आणि बारावीला ते नेमकं फेब्रुवारीत ठणकायला लागलं तर पोराचे हाल होतात, तेव्हा दिवाळीला घरी आलं की तेव्हाच नंबर लावून घ्या.