न्यू जर्सीच्या परसातलं सफरचंद आणि पेअर: फळ धरण्याआधीची तयारी

झाड लावून चार वर्षं झाली, पानं हिरवीगार, उंची डोक्याच्या वर गेली, आणि फळ मात्र एकही नाही. मार्च लागला की इथल्या मराठी घरांत ही तक्रार हमखास ऐकू येते. बहुतेक वेळा झाडाला काही झालेलं नसतं, त्याचे लाड जास्त झालेले असतात. लॉनला टाकलेलं खत त्याच्याही मुळांना मिळतं, दर हिवाळ्यात हौसेने छाटणी होते, आणि मग ते सगळी ताकद लाकडात नि पानांत घालतं. म्हणून या यादीत करायच्या कामांइतकीच न करायची कामंही आहेत.

आधी नर्सरीचं लेबल किंवा पावती शोधा. त्यावर जात तर असतेच, पण कलम कुठल्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या रोपावर, बांधलंय हेही बरेचदा लिहिलेलं असतं. एम-9 किंवा बड-9 सारख्या ठेंगण्या खुंटावरचं सफरचंद दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलतं. बियांपासूनच्या रोपाचा खुंट असेल, तर सहा ते दहा वर्षंही लागतात. पेअर सावकाशच, चार ते सहा वर्षं धरून चला. लेबल वाचल्यावर खाली वाका आणि कलमाची गाठ पाहा. ती मातीच्या दोन-चार इंच वर दिसायला हवी. गाठ मातीत बुडाली, तर वरच्या भागालाच मुळं फुटतात आणि ठेंगण्या खुंटाचे पैसे वाया जातात.

मग जोडीदाराचा हिशेब. सफरचंदाला दुसऱ्या जातीच्या सफरचंदाचे पराग लागतात. दोन गाला लावले तर ते एकच झाड समजा. गालाजवळ हनीक्रिस्प चालेल, पण जोनागोल्ड किंवा मुत्सू परागांच्या कामाचे नाहीत; ते घेतात, देत नाहीत. शेजाऱ्याच्या अंगणात क्रॅबॲपल (बारक्या फळांचं सफरचंद) असेल आणि दोन्ही एकाच वेळी फुलत असतील तर तुमचं काम फुकटात झालं. साधारण पन्नास फुटांच्या आत जोडीदार असावा. सफरचंदाचे पराग पेअरला चालत नाहीत, हे सांगावं लागतं कारण ‘दोन झाडं आहेत की’ असं उत्तर नेहमी मिळतं. पेअरमध्येही बार्टलेट आणि सेकेल यांचं एकमेकांशी जमत नाही. बार्टलेटला बॉस्क द्या. रस्त्याकडेला पांढरी फुलणारी, माशासारख्या वासाची ब्रॅडफर्ड पेअरची झाडं कधीकधी मदत करतात, पण ती लवकर फुलतात. शिवाय ती रानोमाळ पसरतात म्हणून शेजारच्या पेन्सिल्व्हेनियाने 2024पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे. त्यांच्या भरवशावर राहू नका.

फेब्रुवारीच्या शेवटी, कोरड्या दिवशी, कात्री हातात घेण्याआधी फांदीवरचे डोळे, म्हणजे न उमललेल्या कळ्या, नुसते पाहा. फुलाचा डोळा जाड, बोथट आणि लवदार असतो, आणि बहुधा आखूड, सुरकुतलेल्या कोंबाच्या टोकाला बसलेला असतो. पानाचा डोळा बारीक, फांदीला चिकटलेला. हे आखूड कोंब दिसायला अगदी वाळक्या काटकीसारखे, त्यामुळे झाड ‘साफ’ करताना नेमके तेच आधी कापले जातात. कापायचंय ते मेलेलं लाकूड, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आणि सरळ आभाळाकडे धावणारे पानसोट. बस्स. कोवळ्या झाडाची जितकी जास्त छाटणी, तितकं फळ लांब.

खताचं गणित फांदी मोजून करा. गेल्या हंगामातली वाढ दीड-दोन फूट असेल, तर खत नको. तीन फुटांच्या वर गेली असेल तर लॉनचं खत झाडापासून दूर ठेवा. मातीचा सामू (पीएच) सहा ते साडेसहा हवा. रटगर्स विद्यापीठाची माती तपासणी प्रयोगशाळा तो तपासून देते.

आता सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित काम: फांद्या वाकवणं. उभी फांदी वाढत राहते, आडवी होऊ लागलेली फांदी फुलाचे डोळे धरते. मे-जूनमध्ये फांद्या लवचीक असतात तेव्हा जुन्या सुती साडीची रुंद पट्टी फांदीला सैल गुंडाळून जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधा. उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत आणा, पार जमिनीकडे झुकवू नका. कोवळ्या कोंबाला कपडे वाळत घालायचा चिमटाही पुरतो. तार वापरू नका, साल कापते. पेअरच्या फांद्या जन्मजात ताठ, तिथे हे केल्याशिवाय गत्यंतर नाही. पुढच्या एप्रिलची फुलं याच उन्हाळ्यात डोळ्यांत तयार होतात, त्यामुळे फळ यायला हवं असेल त्याच्या आधीच्या वर्षीच ही तयारी झालेली हवी.

पाण्याबद्दल गावाकडून फोनवर येणारा सल्ला बाजूला ठेवा. डाळिंबाला, संत्र्याला ताण देऊन बहार धरतात, इथे ते काम थंडी करते. तिकडे ॲना किंवा एचआरएमएन-99 या कमी थंडीत फळणाऱ्या सफरचंदाच्या जाती लावणारे हिवाळ्यात हाताने पानं काढून झाडाला झोपवतात. आपल्याकडे नोव्हेंबर ते स्वतःच करतो. जुलैत कोवळ्या झाडाला आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या. आच्छादन घाला, पण बुंध्यापासून चार बोटं दूर. नाहीतर उंदीर त्याच्या आडोशाने साल कुरतडतात.

हरणांसाठी आठ फुटी जाळीचं कुंपण हवंच. साबण लटकवण्याचे प्रयोग करून पाहायला हरकत नाही, पण कुंपण आधी.

एप्रिलमध्ये हवामान रोज बघा. पूर्ण बहरात 28 अंश फॅरनहाइटला थोडी फुलं मरतात, 25 ला जवळपास सगळी. त्या रात्री लहान झाडावर जुनी चादर जमिनीपर्यंत टाका. दुसऱ्या दिवशी दुपारी एक फूल नखाने उभं चिरा: मधला भाग हिरवा असेल तर जिवंत, काळपट असेल तर गेलं. बहरात कीटकनाशक मारू नका, मधमाश्या मरतील. उबदार आणि पावसाळी बहरानंतर शेंडा भाजल्यासारखा काळा पडून आकडीसारखा वाकला तर तो फायर ब्लाइट हा रोग. काळ्या भागाच्या खाली फूटभर कापा आणि प्रत्येक कापानंतर कात्री अल्कोहोलने पुसा. बार्टलेटला हा फार लवकर लागतो, आणि नत्र जास्त झालं की आणखी.

फळं धरली की जून संपायच्या आत विरळणी. एका झुपक्यात एकच, दोन फळांत वीतभर अंतर. लावल्यापासूनची पहिली दोन वर्षं तर सगळीच काढा. आपल्या लोकांना हे जिवावर येतं, पण भरपूर फळांतल्या बिया पुढच्या वर्षीचे फुलाचे डोळे धरू देत नाहीत, आणि मग झाड एक वर्षाआड फळतं.

शेवटचं काम काढणीच्या आधीचं. सफरचंद झाडावर पिकू द्या, आशियाई पेअरही. बार्टलेट मात्र झाडावर ठेवला तर आतून कुजतो. ऑगस्टच्या मध्यापासून एखादं फळ हातात धरून आडवं उचलून पाहा. देठ सहज सुटला की कडक असतानाच उतरवा, दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि मग ओट्यावर पिकवा. मानेजवळ अंगठा दाबला की किंचित दबेल, तेव्हा चिरा.